बेस क्लॅरिनेटसाठी खिशाला झेपणारा माउथपीस कोणता घ्यावा?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. साधी बी फ्लॅट क्लॅरिनेट बरीच वर्षं वाजवतोय. आमच्या वाद्यवृंदात बेस क्लॅरिनेट वाजवायला कुणी उरलं नाही, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. वाद्य विद्यार्थ्यांसाठीचं, प्लास्टिकचं, खाली ई फ्लॅटपर्यंत जाणारं. माझी तक्रार वाद्याबद्दल नाही, त्याच्या पेटीत जो माउथपीस होता त्याबद्दल आहे. त्याच्यावर ना नाव, ना नंबर.

खर्ज झकास लागतो. पण रजिस्टर की (वरचे सूर उघडणारी चावी) दाबून मधल्या बीच्या वर गेलो की आधी खालच्या सुराची गुरगुर येते, मग जमलं तर वरचा सूर लागतो. हळू आवाजात सुरुवात करायची म्हटलं की नुसती हवा, सूर नाहीच.

जाळ्यावर शोधलं तर जो तो सेल्मर कंपनीच्या सी स्टार या माउथपीसचं नाव घेतो. तो काही मला आत्ता परवडणारा नाही. त्याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहून खाली काही धड मिळेल का? आणि दुकानाच्या यादीत नुसते आकडे वाचून निवड कशी करायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुरसुरी

माउथपीसकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगा. रीड (माउथपीसवर बांधायची वेताची पट्टी) कोणती लावलीय आणि किती नंबरची? आणि गुरगुर वरच्या सगळ्याच सुरांवर येते की ठराविक ठिकाणी? म्हणजे बी, सी, डी यांवर येते आणि ई पासून पुढे साफ, असं काही?

वर्षानुवर्षं साधी क्लॅरिनेट वाजवणारा माणूस बेस हातात घेतला की ओठ तसेच आवळतो. बेसला ती पकड चालत नाही. हनुवटी सपाट, पण ओठ सैल, आणि माउथपीस तोंडात बराच आत. माउथपीसचा कोनही सॅक्सोफोनसारखा आडवा येतो. खालची काठी (पेग) कमी-जास्त करून वाद्य आपल्या तोंडाशी आणायचं, आपण मान वाकवून वाद्याकडे जायचं नाही.

खर्जप्रेमी

रीड अडीचची, पेटीतच होती. किती जुनी, देव जाणे. गुरगुर सगळीकडे आहे, पण बी ते डी जास्त. नेकवर (माउथपीस ज्यात बसतो त्या वाकड्या नळीवर) एकच छोटी रजिस्टर की आहे, दुसरी कुठे दिसत नाही.

चावीवाला

वाद्यदुरुस्ती करतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून टाकतो. बेस क्लॅरिनेट घेऊन 'माउथपीस बदलायचाय' म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं माउथपीसमध्ये नसतं.

तुमच्या वाद्याला एकच रजिस्टर व्हेंट आहे. ते भोक अगदी बारीक असतं आणि नेकवर असल्यामुळे थुंकी, धूळ, कॉर्कच्या ग्रीसचा थर सगळं तिथेच जमतं. भोक अर्धं बुजलं तरी खर्जाला काही फरक पडत नाही, कारण तिथे ते बंदच असतं. वरचे सूर मात्र लगेच रुसतात. नेक काढा, ती की उघडी धरून उजेडाकडे बघा. पाइप क्लीनरने हलक्या हाताने साफ करा. सुई-टाचणी घालू नका, भोकाची कड खरवडली तर नवंच दुखणं.

दोन व्हेंटवालं वाद्य ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी: उजव्या हाताची अनामिका खाली असते तोवर, म्हणजे वरच्या ई फ्लॅटपर्यंत, अंगावरचं व्हेंट उघडतं. अनामिका उचलून ई वाजवला की ते बंद होऊन नेकवरचं उघडायला हवं. आरशासमोर बसून अनामिका खाली-वर करा आणि दोन्ही पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) बघा. एका वेळी एकच उघडं दिसलं पाहिजे. दोन्ही जराशी उघडी राहत असतील तर जगातला सर्वात महागडा माउथपीस लावलात तरी ई पाशी अडखळणारच.

त्यानंतर पॅडमधली गळती. पातळ कागदाची अरुंद पट्टी प्रत्येक पॅडखाली ठेवायची, पॅड हलकं दाबायचं आणि पट्टी ओढायची. चारी बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. वरचा आणि खालचा भाग जोडणारी ब्रिज की वाकलेली असली तरी अशीच लक्षणं दिसतात. मोठं वाद्य उचलताना लोक नेमकं तिथेच धरतात.

पितळी_घंटा

रुमाल टाकून ठेवते. माझ्याकडे कॉन्ट्रा आल्टो (बेसहूनही खालची क्लॅरिनेट) आहे आणि प्रश्न हाच. तिच्यासाठी तर दुकानात निवडीला वावच नसतो.

आबा_क्लॅरिनेटवाले

खर्जप्रेमी, थोडं थांबा, पैसे साठवा आणि सी स्टारच घ्या. इतके लोक उगाच त्याचं नाव घेत नाहीत. एबोनाइटचा (कडक रबराचा) आवाज प्लास्टिकला येत नाही, कुणी काहीही म्हणो. स्वस्ताचा माउथपीस घेऊन वर्षभराने पुन्हा दुसरा घ्यायचा, त्यापेक्षा एकदाच काय ते. शिवाय सी स्टार विकायला काढला तर घेणारा लगेच मिळतो.

मंद्रमधुर

आबा, विकायला सोपा हे पटलं, बाकीचं नाही. त्यावर नंतर भांडू :) आधी धागाकर्त्यांच्या आकड्यांच्या प्रश्नाबद्दल, कारण गोंधळ तिथेच होतो.

माउथपीसवर छापलेल्या नावावरून फार कमी कळतं. कळायला हव्यात त्या दोन गोष्टी: टिप ओपनिंग आणि फेसिंगची लांबी. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यातली फट म्हणजे टिप ओपनिंग. साध्या क्लॅरिनेटला ती एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. बेसला साधारण दीड ते सव्वादोन. फेसिंग म्हणजे जिथून माउथपीसची कड रीडपासून दूर वळायला लागते तिथपासून टोकापर्यंतची वळणाची लांबी. ओपनिंग जास्त असेल तर हवा जास्त लागते, रीड हलकी लागते आणि सूर वाकवायला मोकळीक मिळते. ओपनिंग कमी असेल तर सूर पटकन सापडतो, पण जोरात फुंकलं की आवाज एका मर्यादेनंतर वाढत नाही, नुसता चिरका होतो.

आता नावांची गंमत बघा. व्हॅनडोरेनच्या साध्या क्लॅरिनेटच्या माउथपीसमध्ये बी ४० आणि बी ४५ यांचं ओपनिंग एकच आहे, १.१९५ मिलिमीटर. फरक टोकाच्या कडेच्या रुंदीत आहे, बी ४० ची कड रुंद. म्हणजे ४५ मोठा म्हणून तो जास्त उघडा, हा हिशोब एकाच कंपनीतसुद्धा चुकतो. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात तर काहीच अर्थ नाही.

दुसरा धोका मागवताना असतो. बी ४५ नावाचा माउथपीस साध्या क्लॅरिनेटसाठी आहे आणि बेससाठीही आहे. यामाहाचा ४सी साधी क्लॅरिनेट, बेस क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन सगळ्यांसाठी मिळतो. सी स्टार तर सॅक्सोफोनवाल्यांतच जास्त प्रसिद्ध आहे. वापरलेला माउथपीस 'सी स्टार, उत्तम स्थिती' एवढ्याच वर्णनावर विकायला असेल तर फोटोत बूड बघा. बेसच्या माउथपीसच्या बुडाला टेनन (जोडात घालायचा बारीक भाग) असतं आणि त्यावर कॉर्क असतं, ते नेकच्या आत जातं. सॅक्सोफोनचं उलट, तिथे कॉर्क नेकवर असतं आणि माउथपीस त्याच्यावर चढतो. फोटोत नुसता गोल पोकळ दांडा दिसला की समजा, आपला नाही.

तुमच्या गरजेबद्दल. वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्याला बहुतेक वेळ हळू आणि लांब सूर धरायचे असतात, मध्येच एखादी उडी. त्यासाठी मध्यम ओपनिंग आणि सरळसाधं फेसिंग. खूप उघडे माउथपीस जॅझवाल्यांना भावतात, तुम्हाला आत्ता नकोत.

सुरसुरी

नावं मागितलीत म्हणून नावं देते.

यामाहा ४सी, बेस क्लॅरिनेटचा. रेझिनचा, आवाज जरा पातळ म्हणता येईल, पण यंत्रावर बनतो आणि एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं इतका सारखेपणा. नवशिक्याला आणि दुसऱ्या वाद्यावरून आलेल्याला यात रडगाणं नाही.

हाइट प्रीमियर. हाही प्लास्टिकचा, हाही स्वस्त गटातला. मला याचा आवाज ४सी पेक्षा थोडा भरलेला वाटतो. हे माझं कान-मत, शास्त्र नाही.

फोब्सची नोव्हा मालिका या दोघांच्या एक पायरी वर. त्यांत बेससाठीही आहे. तुमची मर्यादा जरा ताणली तर इथपर्यंत या. व्हॅनडोरेनचे बी ४५ वगैरे आणि सी स्टार त्याच्याही वर.

निनावी, 'सर्व बेस क्लॅरिनेटसाठी योग्य' असं लिहिलेले माउथपीस मात्र नको. त्यातला एखादा चांगला निघतोही. पण आज एक घेतला आणि उद्या त्याच नावाचा दुसरा, तर दोघांचं फेसिंग जुळेल याची खात्री नाही. तुमच्या पेटीतला याच जातीचा दिसतोय.

नवखा_सॅक्सवाला

मध्येच घुसतोय. माझ्याकडे टेनर सॅक्सोफोनचे माउथपीस पडून आहेत. त्यातला एखादा कॉर्क वगैरे लावून बेसला बसवला तर? रीड तर टेनरचीच चालते असं ऐकलंय.

मंद्रमधुर

रीड चालते, माउथपीस नाही.

टेनर सॅक्सोफोनची रीड आकाराने बेस क्लॅरिनेटच्या रीडच्या इतकी जवळ आहे की कित्येक जण तीच वापरतात. कापणी थोडी वेगळी, त्यामुळे नंबर तोच ठेवला तरी जोर वेगळा वाटेल. स्वस्तात प्रयोग करायचा तर हा उत्तम मार्ग. आल्टो क्लॅरिनेटवाले तसंच आल्टो सॅक्सची रीड लावतात.

माउथपीसचं म्हणाल तर आतली पोकळी सगळं ठरवते. ती नेकच्या नळीला जुळलेली असावी लागते. जागा जास्त झाली की सूर उतरतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. गळ्यातले सूर (रजिस्टर की लागण्याआधीचे शेवटचे) एकीकडे, रजिस्टर कीचे दुसरीकडे. ट्यूनरवर एक सूर जुळवला की दुसरा पळतो.

अवांतर: या दोन वाद्यांचं नातं तसं घरातलंच. अॅडॉल्फ सॅक्सने १८३८ मध्ये बेस क्लॅरिनेटच्या सुधारित रचनेचं पेटंट घेतलं, सॅक्सोफोनचं १८४६ मध्ये. सरळ नळीची, मोठ्या भोकांची बेस क्लॅरिनेट त्याच्याच डोक्यातून आली.

आबा_क्लॅरिनेटवाले

ते सगळं ठीक, पण एबोनाइटचा मुद्दा तुम्ही सोयीस्कर बाजूला ठेवलात.

मंद्रमधुर

ठेवला नव्हता, नंतर म्हटलं होतं. आबा, कंपन होते ती रीड आणि नळीतली हवा. माउथपीसची भिंत एवढी जाड असते की ती प्लास्टिकची की रबराची, याने समोर बसलेल्याला फरक कळणं कठीण. फरक कळतो तो फेसिंगमुळे, आतल्या बॅफलच्या (टोकामागच्या छताच्या) उतारामुळे, चेंबरमुळे (आतल्या पोकळीमुळे). महागडे माउथपीस एबोनाइटचे असतात आणि त्यांच्यावर हाताने काम केलेलं असतं. श्रेय मात्र एबोनाइटला मिळतं. एबोनाइट हाताने घासायला चांगलं, बारीक आकार नीट धरतं, म्हणून कारागीर ते घेतात.

बाजारातले कितीतरी ब्रँड मुळात बाहेरच्या कारखान्यातून कच्चे माउथपीस घेतात. अमेरिकेतली बॅबिट ही त्यातली जुनी आणि मोठी कंपनी. एकाच साच्यातून निघालेले दोन माउथपीस, वर नावं वेगळी, फेसिंग वेगळं, वाजायला पूर्ण वेगळे.

आबा_क्लॅरिनेटवाले

कानाला जे कळतं ते कागदावर लिहून उडवता येत नाही. माझे दात प्लास्टिकवर घसरतात, हे तरी मान्य कराल?

मंद्रमधुर

त्याला रबरी पॅच मिळतो, चिकटवा :) हलकेच घ्या.

खर्जप्रेमी

सगळ्यांचे आभार. काय घडलं ते सांगतो.

चावीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे नेकवरचं भोक बघितलं. पलीकडचा उजेड दिसायला हवा तिथे तपकिरी मेणासारखं काहीतरी. साफ केलं. बी ते डी मधली गुरगुर तिथल्या तिथे निम्म्यावर आली. ब्रिज की ठीक आहे. तळाच्या एका पॅडची पट्टी एका बाजूने सैल निघते, ते काम दुरुस्तीला दिलंय.

नवी रीड आणली, अडीचचीच. जुनी आणि नवी शेजारी ठेवून उजेडात धरल्या. जुनीचं टोक लाटेसारखं वळलेलं.

पण हळू आवाजातली सुरुवात अजून तशीच. हवा, हवा, आणि मग एकदम धक्क्याने सूर. हे आता माउथपीसचं मानायचं का?

सुरसुरी

अजून एक चाचणी. रीड लावलेल्या माउथपीसमध्ये, रीड आणि कड यांच्या फटीत, व्हिजिटिंग कार्डपेक्षा पातळ कागद वरून खाली सरकवा. जिथे अडेल तिथे रीडवर पेन्सिलने पुसटशी खूण करा. तिथून फेसिंग सुरू होतं. खालचा ओठ त्या खुणेच्या आसपास हवा. साध्या क्लॅरिनेटच्या सवयीने आपण टोकाजवळच पकडतो, मग रीडला हलायला जागाच उरत नाही आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. खूण बघाल तेव्हा वाटेल, इतकं आत? हो, इतकं आत.

मग रीडसकट माउथपीस नेकमधून काढा. बूड तळहाताने घट्ट बंद करून हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टक् आवाज करून सुटली, तर कडा आणि टेबल (रीड जिथे टेकते तो सपाट भाग) ठीक. चिकटतच नसेल तर आधी रीड बदलून बघा. चांगल्या ओल्या रीडनेही चिकटत नसेल, तर फेसिंग वाकडं किंवा टेबल खराब.

खर्जप्रेमी

ओठ आत नेल्यावर खर्ज दुप्पट मोठा झाला, शेजारी दार ठोठावतील इतका. हळू सुरुवात थोडी सुधारली. पण टक् काही वाजत नाही. दोन वेगळ्या रीडवर करून पाहिलं.

चावीवाला

मग निकाल लागला, माउथपीस बदला. तुमच्या निनावी माउथपीसच्या दोन कडा एका उंचीच्या नसणार. काचेच्या सपाट तुकड्यावर फेसिंग टेकवून फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यात पातळ पट्टी आत सरकवली की दोन्ही बाजूंना ती वेगवेगळ्या खोलीवर अडेल. पट्टी तिरकी झालेली नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आणि कृपा करून घरी सँडपेपर हातात घेऊ नका. काही माउथपीसचं टेबल मुद्दाम किंचित खोलगट ठेवलेलं असतं. लोक ते 'सपाट करायला' घासतात आणि फेसिंगची वाट लागते. निनावी माउथपीस कारागिराकडून नव्याने फेस करून घ्यायचा तर मजुरी नव्या ४सी च्या पुढे जाईल. चांगल्या जुन्या एबोनाइटच्या तुकड्यावर ती मजुरी करावी, यावर नको.

वापरलेला घेणार असाल तर काय बघायचं ते सांगतो. टोकाची कड नखाने चाचपा. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो, आणि टवका असला की तो घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त असो. वरचे दातांचे खड्डे फक्त दिसायला वाईट, वाजायला काही नाही, उलट त्यावरून भाव पाडून मागा. एबोनाइट हिरवट-तपकिरी झालं असेल तर ते उन्हाने किंवा गरम पाण्याने. आतलं गंधक बाहेर येतं, वास आणि चव दोन्ही येतात. नुसत्या उजेडाने रंग गेला असेल तर वाजायला बहुतेक ठीक असतो. गरम पाण्यात उकळलेला असेल तर फेसिंग वळलेलं असू शकतं, मग टक् चाचणी करूनच घ्या. आतला पांढरा थर क्षारांचा, पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये कापूस भिजवून पुसला की जातो. धुताना पाणी कोमटच.

पितळी_घंटा

आता कुणीतरी माझ्याकडे वळा :(

मंद्रमधुर

वळले! कॉन्ट्रा आल्टो ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आल्टो क्लॅरिनेटच्या एक सप्तक खाली. कॉन्ट्राबास बी फ्लॅटमध्ये, बेसच्या एक सप्तक खाली. बऱ्याचदा दोघींना एकच माउथपीस चालतो, पण टेनन सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं, म्हणून मागवण्याआधी तुझ्या नेकचं तोंड व्हर्नियरने मोज. बेसचा माउथपीस कॉन्ट्राला लावायचा विचार करू नकोस, पोकळी पुरत नाही.

निवड खरंच थोडी आहे. म्हणून कॉन्ट्रावाल्यांनी आधी रीडवर खेळावं. बॅरिटोन सॅक्सची रीड पुष्कळ जण कॉन्ट्रावर वापरतात. टेबलावर नीट बसते का, दोन्ही कडा झाकते का ते बघ, आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर हलकी घेऊन सुरुवात कर. सिंथेटिक रीडचाही विचार कर. आठवड्यातून एकदाच पेटी उघडणाऱ्याची एवढी मोठी वेताची रीड हमखास वाळून वळते. लेजेर कंपनीच्या सिंथेटिक रीड बेससाठी आहेतच. तुझ्या माउथपीसला कुठला आकार बसतो ते दुकानदाराला माप देऊन विचार.

पितळी_घंटा

व्हर्नियर आणते. मंद्रताई, धन्यवाद.

खर्जप्रेमी

दोन ओळखीच्यांकडून ४सी आणि सी स्टार उसने मिळताहेत, शेजारी ठेवून तुलना करता येईल. कशी करू? नुसतं वाजवलं की जो नवा असतो तोच छान वाटतो.

मंद्रमधुर

रीड एकच ठेवा, लिगेचर (रीड आवळणारा पट्टा) शक्यतो एकच. आणि माउथपीस बदलला की रीड पुन्हा त्याच जागी बसवा, टोक कडेशी बरोबर.

आधी खालचा जी धरा आणि ओठ न हलवता फक्त रजिस्टर की दाबा. क्लॅरिनेट बाराव्या सुरावर उडी मारते, म्हणजे वरचा डी यायला हवा. मध्ये गुरगुर किती वेळ राहते ते ऐका. मग ए वरून ई, तसंच वर सरकत. उलटही करा, वरून खाली. खालचा सूर उशिरा येत असेल तर ओठ आवळताय, माउथपीसला दोष देऊ नका.

मग जीभ न लावता, नुसत्या श्वासाने, जमेल तितक्या हळू सुरुवात. बेसवाल्याची खरी परीक्षा हीच. त्चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीत बसून (bassoon) या वाद्याच्या वाट्याचे चार सूर इतके हळू लिहिलेत (हळूची खूण म्हणजे पी अक्षर, ते सहा वेळा!) की ते कित्येकदा बेस क्लॅरिनेटकडे सोपवले जातात. तिथे कुणी विचारत नाही माउथपीस कुठल्या कंपनीचा.

शेवटी ट्यूनर. गळ्यातला जी, मधला बी, वरचा जी. तिन्ही एकाच बाजूला चढे किंवा उतरे असतील तर नेक ओढून-ढकलून जमतं. एक चढा एक उतरा असेल तर तो माउथपीस तुमच्या वाद्याचा नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड करून खर्जाची तुलना करू नका. तुमचा सर्वात खालचा सूर ७० हर्ट्झच्या जवळ आहे, फोन आणि त्याचा स्पीकर तिथे थकतात. फोनवर जो जास्त चिरका तोच 'स्पष्ट' वाटतो. दुसऱ्या टोकाला कुणालातरी बसवा आणि न सांगता अदलाबदल करा.

खर्जप्रेमी

तुलना झाली. पॅडही दुरुस्त होऊन आलं होतं.

सी स्टार चांगला आहे, आबा, खोटं कशाला बोलू. वरचे सूर गोल लागतात आणि जी वरून डी वर जाताना मध्ये काहीच ऐकू येत नाही. ४सी वर अगदी बारीक 'ग्र' येतो. पण त्यावर पावणेतीनची रीड लावली तेव्हा तोही जवळजवळ गेला. हळू सुरुवात दोन्हींवर जमते. समोर बसलेल्या चेलोवाल्या मैत्रिणीला न सांगता अदलाबदल केली. वरच्या सुरांत तिला सी स्टार ओळखू आला, खर्जात नाही. आणि मला वाजवायचंय ते ऐंशी टक्के खर्जात.

ट्यूनरवर ४सी चा मधला बी किंचित चढा, सी स्टारचा बरोबर. ४सी वर नेक थोडा ओढला की चालून जातं.

तर आत्ता ४सी घेतोय आणि उरलेल्यात चांगल्या रीड. सी स्टार वापरलेला, टवका नसलेला मिळाला तर पुढे बघू.

आबा_क्लॅरिनेटवाले

वरचे सूर गोल लागतात, हे वाक्य मी जपून ठेवतोय. पुढच्या वर्षी भेटू याच धाग्यावर.

सुरसुरी

योग्य निर्णय. फक्त पावणेतीनवरून लगेच तीनवर उडी नको. ओठ आवळायची जुनी सवय जड रीडवर परत येते.

खर्जप्रेमी

माउथपीस आला. एकच अडचण, कॉर्क जाड आहे, माझ्या नेकमध्ये अर्ध्यावर अडतं. ग्रीस लावूनही जात नाही. जोर लावू का?

चावीवाला

अजिबात नाही! नेकचं तोंड तडकलं तर ती दुरुस्ती माउथपीसपेक्षा महाग. बारीक सँडपेपरची पट्टी (इथे चालतो, फेसिंगवर नाही) कॉर्कभोवती बूट पुसताना फडकं ओढतात तशी ओढा, माउथपीस फिरवत फिरवत, म्हणजे गोलाई सारखी राहील. थोडं घासा, पुसा, ग्रीस लावा, बसवून बघा. हाताने फिरवत शेवटपर्यंत गेलं आणि सोडल्यावर डुगडुगलं नाही की थांबा. जास्त घासलं गेलं तर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे, नवं कॉर्क लावेपर्यंत चालते.

माउथपीस धरताना रीड काढून ठेवा आणि टोकाला टोपी घाला. कॉर्क घासायच्या नादात टोक टेबलावर आपटतं.

खर्जप्रेमी

बसला. रीड काढून, टोपी घालूनच केलं.